चार काड्यांचे आठ पाय

सकाळी चहाचा कप बशीवर ठेवताना वाजला. एकदाच टक्कन वाजून गप्प बसला असता तर मी त्याला माफ केलं असतं, पण तो जुन्या टेलिफोनच्या घंटीसारखा वाजत राहिला, कुणीतरी उचलेपर्यंत वाजायचंच असं ठरवून. आणि त्याच क्षणी आत स्वयंपाकघरात हिनं मिक्सर सुरू केला. मिक्सर घरघरला, कप कसाबसा बशीच्या खळग्यात बसला, मी हात मांडीवर घेतला आणि मिक्सर थांबला. मी उठून आत गेलो. ही ओट्याशी पाठमोरी उभी होती. मिक्सरचं भांडं कोरडं ठणठणीत होतं.

"काय वाटत होतीस?"

"काही नाही."

"काही नाही ते बारीक झालं का नीट?"

"पातं अडकतंय का बघत होते," ती म्हणाली आणि फडक्यानं ओटा पुसायला लागली. ओटाही कोरडाच होता.

बायको खोटं बोलली की नवऱ्याला राग येतो हे जगजाहीर आहे. पण ती आपल्या भल्यासाठी खोटं बोलते आहे हे कळल्यावर जो राग येतो, तो ठेवायला घरात जागाच नसते. म्हणजे हिला माहीत होतं. मी इतके दिवस डाव्या हातानं पेपर उलटतोय, बटणं न काढताच शर्ट डोक्यातून घालतोय, चमचा बाजूला सारून वाटी सरळ तोंडाला लावतोय आणि वर 'अशी चव जास्त लागते' हे तत्त्वज्ञान सांगतोय, आणि ही बया सगळं जाणून 'हो का?' म्हणत होती. आता एकेक आठवायला लागलं. मी जेवायला बसलो की नळ धो धो सुटायचा. रेडिओवर पिकांवरच्या किडीचा सल्ला मोठ्यानं लागायचा. खिडकीतल्या दोन कुंड्या सोडल्या तर आमची शेती नाही. मला वाटत होतं, वयाबरोबर हिचे कान गेले. प्रत्यक्षात ती माझे कान बुजवत होती. हाताबद्दल म्हणाल, तर तो मांडीवर ठेवला की इतका साळसूद की कुणी मुलगी देईल. काम सांगितलं की थरथरतो. एखाद्या कचेरीत असा एक माणूस असतोच, रिकामा असला की अंगात तेज, टेबलावर कागद आला की अवसान गळालं. आणि कोणी बघतंय म्हटलं की माझ्या हाताला जास्तच चेव येतो. डॉक्टरकडे मी गेलो नाही. डॉक्टरकडे गेलं की त्याला नाव पडतं, आणि नाव पडलेली गोष्ट घरात राहायला येते, पाहुण्यांशी ओळख करून द्यावी लागते.

शिवाय मला ते नवं नव्हतं. माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भिंतीवर एक काठी टेकवून तिच्यावर मनगट ठेवायचे आणि दोऱ्यात ओवल्यासारखी अक्षरं काढायचे. मग त्यांचा हात असाच फितूर झाला. जेवताना त्यांचा चमचा ताटाच्या काठावर वाजायला लागला की आई उठून काहीतरी आपटायची, झाकण, पाट, खिडकीचं दार. आम्ही भावंडं ताटात बघून जेवायचो. त्या घरात कोणीही कोणाच्याही हाताकडे बघत नसे. एरवी बघायचं ते तोंडाकडेच, म्हणून एकमेकांचे चेहरे आम्हाला चांगले पाठ झाले. एकदा त्यांनी एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवली आणि प्रत्येक अक्षराची कड पाण्यात बघितल्यासारखी हलली. आता गिऱ्हाईक पाटी तोंडावर मारणार म्हणून वडील डबे आवरत होते, तर दुकानदार लांब जाऊन, मान तिरकी करून म्हणाला, "वा! हे काहीतरी नवीनच काढलंत. शेजारच्याला पण अशीच करून द्या." शेजारचाही मागे लागला. वडील घरी आले ते रंगाचे डबे दारातच ठेवून न जेवता झोपले. पाट्यांचं काम त्यांनी त्यानंतर घेतलं नाही. आई म्हणत राहिली, "अहो, लोकांना आवडतंय ना?" वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. आईनं हिला, म्हणजे सुनेला, बाकी फार काही दिलं नाही, दागिने नव्हतेच. ही एक विद्या दिली असावी.

दुसऱ्या कुठल्या दिवशी कप वाजला असता तर मी दिवसभर हिच्याशी अबोला धरून विषय मिटवला असता. पण आज थोरलं उडवायचं होतं. निवृत्तीनंतर माणसं फिरायला जातात, बागेत गोल उभं राहून हसायला जातात. मी रॉकेटं उडवायला गेलो. कंबरेएवढी पुठ्ठ्याची नळकांडी, बुडाशी लाकडी पंख, पोटात खाली उतरताना उघडणारी छत्री आणि बुडात जाड कागदात दाबून भरलेली दारू, जिला आम्ही ऐटीत मोटर म्हणतो. आमच्या मंडळात वयानं झालेली बरीच मंडळी आहेत, आणि आकाशाकडे बघताना सगळ्यांची तोंडं सारखीच उघडी पडतात, त्यामुळे तिथे मानपान कमी आहे. थोरलं मात्र वेगळं. माझ्या छातीला लागेल एवढं उंच, आणि बुडात एक नाही, चार मोटरींची जुडी. एक मोटर पेटवायला अक्कल लागत नाही. चार मोटरी एकाच क्षणी पेटवायच्या म्हणजे चार भावंडांना एकाच वेळी घराबाहेर काढण्यासारखं आहे. एक दाराशी चप्पल घालून उभा, दुसऱ्याची आंघोळ चाललेली. रॉकेटच्या बाबतीत त्यात फरक एवढाच की जो आधी निघाला तो बाकीच्यांना घेऊन आडवा होतो. तीन पेटल्या आणि एक राहिली की ते वर न जाता लोकांच्या अंगावर येतं.

ते एका क्षणी पेटवणं माझ्याकडे होतं. म्हणून मंडळात मला कोणी नावानं हाक मारत नाही, काडीवाले म्हणतात. काडी म्हणजे दोन बारीक तारा, त्यांच्या टोकाला केसाएवढ्या तारेचा पूल आणि त्यावर काळ्या मसाल्याचा थेंब. ती मोटरीच्या भोकातून आत दारूला टेकेपर्यंत सारायची आणि कापसाच्या बोळ्यानं दाबायची. वीज आली की केस तापतो, थेंब भडकतो, दारू पेटते. चार मोटरी, चार काड्या, काड्यांचे आठ पाय. ते एकापुढे एक साखळीनं जोडले तर पहिली काडी जळता क्षणी साखळी तुटते आणि बाकीच्या तिघी थंड बसतात. म्हणून मी तांब्याच्या उघड्या तारेची दोन कडी करतो, एक आतलं, एक बाहेरचं. प्रत्येक काडीचा एक पाय आतल्या कड्याला गुंडाळायचा, दुसरा बाहेरच्याला. दोन कड्यांना बॅटरीचे दोन चिमटे. मग वीज कोणाच्याही हातात हात न देता चौघींकडे एकदम जाते. सोपं आहे. बोटं जाग्यावर असली तर. माझी होती. जमिनीखालच्या टेलिफोनच्या तारा जोडण्यात माझी नोकरी गेली, खड्ड्यात उकिडवं बसून, डोक्यावर रहदारी आणि पुढ्यात शेकडो रंगीत जोड्या. कानाला तपासायचा फोन लावला की लोक बोलताना ऐकू यायचे. कोणी कोणाला 'जेवलास का' विचारत असायचं, कोणी नुसतंच रडत असायचं, आणि माझी बोटं तिकडे न बघता तारेला तारेचा पीळ घालत असायची. माणसाला स्वतःच्या श्वासाचा अभिमान वाटत नाही तसा मला त्या पिळाचा कधी वाटला नाही. आता वाटतो. गेलेल्या गोष्टीचा अभिमान फार लवकर येतो.

मागच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले होते, "काडीवाले, तुमच्यानंतर कोण?" आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडात बघतात, आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता प्रश्न विचारतात. मी म्हटलं, "माझ्यानंतर मीच." सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातल्या पाण्याच्या पेल्याकडे पाहिलं, असं मला वाटलं. मी पेला खाली ठेवला नाही, उचललाही नाही. बैठक संपेपर्यंत धरून बसलो. काड्या माझ्याकडून गेल्या तर मंडळात माझं काय राहिलं? खुर्च्या मांडणाऱ्यांत एक. 'काका, तुम्ही सावलीत बसा' असं ज्याला सांगतात तो. मला सावलीचा भयंकर तिटकारा आहे.

"आज मी पण येते," मी दाढी उरकून आलो तेव्हा ही म्हणाली. इतक्या वर्षांत ती मैदानावर एकदाही आली नव्हती. धूर होतो, पाय दुखतात, आणि सरळ वर गेलेली वस्तू सरळ खाली येणार त्यात बघायचं काय, हे तिचं मत होतं.

"तुझे पाय दुखतात."

"आज नाही दुखत."

"कशाला येतेस?"

"का, नवऱ्याचं कौतुक बघू नये का बाईनं?"

कौतुक! हा शब्द या घरात शेवटचा कधी वापरला होता ते मला आठवेना. खाली जावई गाडी घेऊन आला होता. मुलगी तिच्या कामावर, म्हणून तिनं नवरा पाठवला होता. काही घरांत डबा पाठवतात. आमचा जावई विम्याचा एजंट आहे. वाईट माणूस नाही. एवढंच, की तो बोलतो. सिग्नलला थांबलेल्या गाडीत बोलतो, चालत्या गाडीत बोलतो, दुसरा बोलत असला तरी त्याच्यासाठी खाली चटई अंथरावी तसं आपलं बोलणं चालू ठेवतो. दर रविवारी आमच्याकडे येतो आणि मी टेबलावर काड्या बांधत असलो की समोर बसून जगाच्या विम्याची कर्मकहाणी सांगतो. "बाबा, आमच्या एका गिऱ्हाइकाला कुत्र्याचा विमा काढायचाय," तो वळण घेता घेता म्हणाला. "मी म्हटलं साहेब, कुत्रं चावलं तर की कुत्र्याला चावलं तर? तर ते म्हणाले, दोन्ही!" मागच्या सीटवर ही हसली. तिला हसताना आरशात पाहून माझं डोकं आणखी फिरलं. ही दोघं ठरवून आली आहेत असं मला वाटलं. मग वाटलं, ठरवून आली नसतील तर ते जास्त वाईट. मी खिशात हात घालून बसलो. खिशात काड्यांची डबी होती, आणि डबीतल्या काड्या बारीक आवाज करत होत्या, गाडीमुळेच, रस्ता खराब होता.

मैदान म्हणजे शहराच्या कडेला उरलेली मोठी मोकळी जागा, वाळलेलं गवत, मधे लोखंडी पाट आणि त्यावर उभा गज, ज्याच्या आधारानं रॉकेट सरळ निघतं. भोवती लांब दोरी. आमच्यात एक नियम फार कडक आहे: मोटरीत काड्या घालताना दोरीच्या आत एकच माणूस, काडीवाला. दुसरा कोणी, अगदी अध्यक्षसुद्धा, नाही. हा नियम मीच केला, आणि त्या दिवशी मला तो सोडून जगातल्या कुठल्याच गोष्टीवर प्रेम वाटत नव्हतं. आज माणसं जास्त होती, सगळ्यांनी आपापलं घर उचलून आणलं होतं. बायका, सासवा, व्याही, छत्र्या, घडीच्या खुर्च्या. मी थोरल्याच्या बुडाशी गुडघे टेकले. गवताचा कोरडा वास, तापलेल्या लोखंडाचा वास, मोटरीतून येणारा गंधकाचा पुसट वास. पाठीवर ऊन आणि लोकांच्या नजरा, दोन्ही सारख्याच वजनाच्या. तीन काड्या बसल्या. मनगट गुडघ्यावर दाबून, दात आवळून, श्वास धरून, पण बसल्या. प्रत्येक पायाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, टेलिफोन खात्यात शिकलेल्या सगळ्या, आणि त्या पुरल्या नाहीत तेव्हा नव्या केल्या. चौथीचा पाय बाहेरच्या कड्याला लागेना. कड्याजवळ नेला की नाही-नाही म्हणत मागे सरकायचा.

"दमानं घ्या, काडीवाले! घाई नाही!" अध्यक्ष कर्ण्यातून ओरडले.

माणसाला घाई करायला लावायची असेल तर याच्याइतकं प्रभावी वाक्य नाही. मी तो पाय कसातरी दाबला, गुंडाळला, वर आणखी एक वेढा मारला आणि चिमटे लावले. बॅटरीच्या डब्यावर एक छोटा तपासणीचा दिवा असतो. वीज जायला वाट असली की तो लागतो. लागला. दोरीपलीकडे लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो, गुडघे झटकले आणि हात खिशात घालून परत आलो. आता त्या दिव्याचं मला सगळं माहीत होतं. चारपैकी एक काडी जागी असली तरी तो लागतो, आणि दोन कडी एकमेकांना चिकटली असली तर फारच आनंदानं लागतो. हे मीच लोकांना शिकवायचो, दिव्यावर जाऊ नका, खाली वाकून डोळ्यानं बघा. मी वाकलो नाही. वाकून बघितलं असतं तर तो पाय दिसला असता, आणि मला तो बघायचा नव्हता.

अध्यक्षांनी उलटे आकडे मोजले. सगळ्यांनी शून्य म्हटलं. बटण दाबलं. थोरलं उभं राहिलं. एखाद्याला भाषणाला उभं करावं आणि त्यानं नुसतं सभागृहाकडे बघत राहावं तसं. अध्यक्षांनी पुन्हा दाबलं. बॅटरीच्या तारा तापल्याचा वास आला, एवढंच. मला तिथल्या तिथे कळलं. चौथीचा पाय आतल्या आणि बाहेरच्या कड्यावर आडवा पडला होता, आणि सगळी वीज त्या एका आडवाटेनं निघून जात होती. चौघींना थेंबभर मिळाली नव्हती. लोक माझ्याकडे बघू लागले. लोक माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करू लागले. आमच्या घरात हे शिकलेलं असल्यामुळे मला दोन्हीतला फरक लगेच कळतो.

"होतं असं," अध्यक्ष म्हणाले. "दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

"कुणाला?"

"नाही, तुमचे गुडघे... उगाच त्रास."

"गुडघे ठीक आहेत." गुडघ्यांचं नाव निघालं याचे मी आभार मानायला हवे होते. पण मला वाटलं, सरळ 'हात' म्हण ना लेका, दातांच्या डॉक्टरला गुडघ्यांशी काय करायचंय?

न पेटलेल्या रॉकेटकडे लगेच जायचं नाही, थोडं थांबायचं, आणि जाताना सोबत पाण्याची बादली घेतलेला दुसरा माणूस हवा, कारण एकदा गवत पेटलं होतं. 'एकच माणूस' या नियमाला तेवढा एकच अपवाद. अध्यक्ष बादलीकडे हात करणार, तेवढ्यात आमच्या जावयानं ती उचलली. पाणी सांडत, बोलत, माझ्यामागून चालायला लागला. "तर बाबा, त्या कुत्र्याचं अर्धंच राहिलं. मी त्यांना विचारलं, कुत्र्याचं वय काय? तर म्हणाले, ते बायकोला विचारावं लागेल. मी म्हटलं, कुत्र्याचं की तुमचं?" मी वेग वाढवला. बोलायला तोंड उघडलं असतं तर त्या कुत्र्यासकट सगळ्यांचा उद्धार झाला असता. पाटाशी पोचल्यावर मी आधी बॅटरी सोडवली, मग वाकलो. पाय तिथेच होता, आडवा, निर्लज्ज. मी तो ओढला तर काडीच बाहेर आली, पूल तुटला, आणि बाकी तिघींचे पीळही सुटायला आले. सगळं नव्यानं बांधायचं होतं. दोरीपलीकडे कोणीतरी छत्री उघडली, त्याचा आवाज इथपर्यंत आला.

"बाबा, जरा इकडे सरका, तुमची सावली पडतेय," जावई म्हणाला आणि बादली ठेवून माझ्या आणि लोकांच्या मधे पाठ करून बसला. त्याची पाठ रुंद आहे. विम्यात बसून बसून झाली आहे. "तर कुत्र्याचं नाव काय लिहू विचारलं, तर नाव ठेवलंच नाही म्हणतात. नुसतं 'ए' म्हणतात." हे सांगता सांगता त्यानं डबीतून काडी घेतली, मोटरीत सारली, बोळा दाबला आणि एक पाय आत, एक बाहेर, दोन बोटांच्या एका फिरवण्यानं पीळ घातला. मी चूक शोधायला लागलो. मला त्या क्षणी चूक इतकी हवी होती, की आयुष्यात तेवढं क्वचितच काही हवं झालं असेल. काडी दारूला टेकली नसेल. टेकली होती. पायांमधे अंतर नसेल. होतं. पीळ सैल असेल. मी नखानं हलवून बघितला. टेलिफोन खात्यानं घ्यावा असा पीळ होता. त्याची बोटं जाड, नखं कुरतडलेली, करंगळीवर पेनाची शाई, आणि ती बोटं इकडे न बघता काम करत होती. तो बघत होता आकाशात, कुत्र्याकडे.

"कुठे शिकलात हे?" मी विचारलं.

"हे? तुमचंच बघून. रविवारी बांधता ना टेबलावर? मी बोलत असतो बाबा, पण डोळे रिकामेच असतात की."

"मग आधी का नाही बोललात?"

"काय?"

"हेच."

"हे म्हणजे काय, बाबा?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, विम्याचा चेहरा, कोणाच्या मरणाबद्दल बोलतानाही प्रसन्न. मला वाटलं, याच्या कानाखाली एक ओढावी. मग वाटलं, ओढायला हात उचलावा लागेल.

तीन बांधून झाल्या. "चौथी मी बांधणार," मी म्हटलं.

"बांधा की," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट सुरू केली, ज्याला स्वतःच्या आवाजाचा विमा हवा होता. मी काडी घेतली. ती बोटांत धरली तेव्हा तिचे दोन्ही पाय दोन दिशांना नाचायला लागले. मी मनगट गुडघ्यावर दाबलं, गुडघा जमिनीवर दाबला, जमीन कशावर दाबावी ते कळेना. काडीचं टोक भोकाच्या कडेवर टकटक करत राहिलं, दार उघडत नाही म्हणून वाजवावं तसं. वडील आठवले नाहीत, काही आठवलं नाही. तेवढं एक भोक होतं आणि ते माझ्याकडे बघत होतं. जावई बोलत राहिला. तो आवाजाचा माणूस गायक होता, मग गायक नव्हता, लिलावात बोली पुकारणारा होता, मग त्याच्या मेव्हण्याचा किस्सा निघाला. गोष्ट संपायला आली की तो तिला नवा नातेवाईक जोडायचा. त्यानं एकदाही हात पुढे केला नाही. किती वेळ गेला कोण जाणे, कर्ण्यातून अध्यक्ष 'दमानं' म्हणायचेही थांबले होते. शेवटी मी काडी त्याच्यापुढे धरली. ती आमच्या दोघांच्या मधे हवेत थरथरत राहिली, आणि त्यानं धरली तेव्हा थांबली.

"आणि शेवटी त्या मेव्हण्यानंच विमा काढला," तो म्हणाला आणि पीळ घातला. मग मी वाकलो आणि डोळ्यानं बघितलं, एकेक पाय, आठही. तेवढं माझं होतं. चिमटे लावले, दिवा लागला, आम्ही परत आलो. मी पुढे, तो बादली घेऊन मागे.

थोरलं गेलं. चार मोटरींचा एकच आवाज झाला. दोन झाले असते तर माझ्या कानांनी पकडले असते. हात गेलाय, कान आहेत. धुराची एकच रेघ, पट्टीनं ओढल्यासारखी, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, आणि तिच्या टोकाला उन्हात एक ठिपका. सगळ्यांची तोंडं उघडी. माझंही असणार. तेवढ्यापुरतं मी कोण, हात कुणाचा, काही शिल्लक राहिलं नाही. ते सरळ गेलं होतं, एवढंच. मग वर थोरल्याची छत्री उघडली, लोक ओरडले, जावई गवत तुडवत ती जिथे उतरेल तिकडे धावत सुटला, धावतानाही कुणाला तरी काहीतरी सांगत होता. आणि मी नेमाप्रमाणे एकटा पाटाकडे निघालो. उड्डाणानंतर चिमटे सोडवायचे, ठिणगी उरली नाही ना बघायचं. मग दोरी खाली घेतात.

मी चिमटे सोडवले आणि मागे वळलो तर सगळी दोरी माझ्याकडे तोंड करून उभी होती. टाळ्या चालल्या होत्या. माझ्यासाठी. तिकडून एका रुंद पाठीपलीकडचं काही दिसलं नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं होतं की काडीवाले खाली बसले, त्यांनी वेळ घेतला, आणि रॉकेट सरळ गेलं. "मानलं, काडीवाले!" कोणीतरी ओरडलं. फोन वर झाले. "इकडे बघा! हात करा, हात!" अध्यक्ष टाळ्या वाजवत नव्हते. ते मधोमध उभे राहून माझ्या उजव्या खिशाकडे बघत होते. त्यांच्या शेजारी ही उभी होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून, आणि इथे मैदानात तिच्याजवळ वाजवायला काही नव्हतं.

मला एकदम वीट आला. मिक्सरचा, गुडघ्यांचा, 'दमानं'चा, शर्ट डोक्यातून घालण्याचा, त्या नाव नसलेल्या कुत्र्याचा. घ्या, बघा एकदाचं, असं मनात म्हणून मी उजवा हात खिशातून काढला आणि पूर्ण वर केला. बोटं पसरून. हातानं माझी निराशा केली नाही. इतक्या लोकांसमोर तो कधी आला नव्हता; मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत तो असा सुटला की माझा खांदासुद्धा हलायला लागला. मी तो तसाच धरला. लपवलं नाही, आवरलं नाही. बघितलंत? तर हे असं आहे. आता विचारा, माझ्यानंतर कोण ते.

आणि दोरीपलीकडे एक हात वर झाला आणि हलायला लागला. मग दुसरा. मग सगळ्या सासवा, व्याही, छत्र्या, सगळे हात वर करून मला हात हलवायला लागले, हसत, ओरडत, काहीजण दोन्ही हातांनी. मी खाली घेईना, तसे तेही घेईनात. जितका माझा हात जोरात, तितके त्यांचे. मूर्खांचा बाजार! हिनं हात वर केला नाही. ती माझ्याकडे सरळ बघत होती, हाताकडेच, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि एक अध्यक्ष, ते हातांच्या त्या गर्दीत हात खाली सोडून उभे होते. दातांचा माणूस, हलणारी गोष्ट त्याला लांबूनही ओळखू येते. त्यांनी पाहिलं, नीट पाहिलं, आणि मला वाटलं, चला, निदान एकाला तरी कळलं, सुटलो.

मग त्यांनी शेजारी हिच्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. आणि सावकाश आपला हात वर केला, आणि हलवायला लागले. माझ्याशी ताल जुळवून, थरथर, थरथर, दातांच्या डॉक्टरचा तो दगडासारखा स्थिर हात. आजवर मला पुष्कळ माणसांचा राग आला आहे, पण त्या क्षणी त्या माणसाचा जितका आला तितका कधीच, कोणाचाही आला नव्हता.